मोहाखालची काळी वर्तुळं

या आठवड्यात गडचिरोलीच्या वाटेवर मोहांखाली पाचोळा जाळल्याची काळी वर्तुळं दिसली आणि जीव हळहळला. फुलं पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून जमीन अशी साफ करतात, पण तीच ठिणगी पुढे सगळं रान खाते. झाडाखाली जुनं लुगडं नाहीतर जाळी बांधली तरी भागतं. मार्च-एप्रिलात पानं झडलेल्या मोहावरून पहाटे टपटप फुलं गळतात, आणि अस्वल पोचायच्या आत (तेही या फुलांचं भारी वेडं) टोपल्या भराव्या लागतात. वाळली की ती मनुक्यांसारखी दिसतात. तिळासोबत कुटून लाडू करा, पिठात मळून भाकरी थापा. बियांचं तेल फोडणीला चालतं, दिव्यालाही. आणि आपल्या शहरांत मोह म्हटलं की फक्त दारू आठवते! इंग्रजांनाही तेवढीच दिसली: अबकारी बुडते म्हणून १८९२ च्या कायद्याने त्यांनी ठाणे-कुलाब्याकडे फुलं गोळा करण्यावरच बंधनं घातली. दुष्काळात माणसं ज्या फुलांवर तगली, त्या फुलांवर! मोह हे आधी अन्नाचं झाड आहे, आणि गडचिरोलीतल्या प्रत्येक शाळेच्या पोषण आहारात त्याचा लाडू असायलाच हवा.