भंगारातली हत्यारे

परवा वर्गात ‘जुगाड’ या विषयावर चर्चा झाली. आपला गरीब माणूस भंगारातूनही हत्यार घडवतो, हीच या देशाची प्रतिभा, असे एका मित्राने मोठ्या कौतुकाने सांगितले. टाळ्या पडल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही. माझे वडील रस्त्याकडेला सायकली दुरुस्त करतात आणि त्यांच्या पेटीतली निम्मी हत्यारे भंगारातली आहेत. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो.

कौतुक करण्यासारखे त्या पेटीत पुष्कळ आहे. टायर उतरवायच्या पट्ट्या ट्रकच्या कमानपाट्याच्या तुकड्यातून केलेल्या आहेत. त्यांची टोके कानशीने इतकी गुळगुळीत केली आहेत की ट्यूब कधी चिमटत नाही. तुटलेल्या करवतीच्या पात्याला चिंधी गुंडाळली की ठिगळ कापायची सुरी होते. ठिगळही जुन्या ट्यूबचेच. मोडक्या सायकलचा चिमटा उलटा करून फळीला ठोकला आहे. त्यात चाक बसवून शेजारी खडू धरायचा व चाक फिरवायचे. रिम जिथे खडूला घासेल तिथे खूण उमटते. मग त्या बाजूच्या तारा ढिल्या करायच्या, दुसऱ्या बाजूच्या कसायच्या. साध्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकात ४० तारा असतात, पुढच्यात ३२. एक ओढली की शेजारणीचा ताण बदलतो. याला विद्या म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

परंतु वडिलांच्या भुवईवर एक व्रण आहे. जुनी कानस त्यांनी छिन्नी म्हणून वापरली होती. हातोडी पडताच टवका उडाला. डोळा थोडक्यात वाचला. कानशीचे पोलाद कठीण असते, पण ठिसूळ. ते घाव सोसत नाही. कमानपाटा लवतो, म्हणून सोसतो. एवढी साधी गोष्ट मला गेल्या वर्षी आपल्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात पाव पानात सापडली. वडिलांना ती रक्त सांडून शिकावी लागली. टाळ्या वाजवणाऱ्यांनी या पाव पानाचा विचार करावा.

अमेरिकेत डेटन गावी राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते. १९०१ मध्ये पंखांची उचल मोजण्यासाठी त्यांनी जे तराजू बनवले, ते करवतीच्या पात्यांचे आणि सायकलच्या तारांचेच होते. पण त्याआधी, १८९९ मध्ये, विल्बरने स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयीचे वाङ्मय मागवले होते. १९०३ मध्ये विमान उडाले, ते हात आणि पुस्तक एकत्र आल्यामुळे. आपल्याकडे किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगावच्या सायकलच्या दुकानातून झाला. पण लक्ष्मणराव मुंबईच्या तंत्रसंस्थेत शिक्षकही होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. गरिबीतून घडलेल्या हत्यारांची आरती नको, आणि त्यांची लाजही नको. घरगुती पान्याने नटाचे कोपरे झिजतात. तेव्हा पाना विकतच घ्यावा. पट्टी मात्र घरीच करावी. कोणते काय, हे कळणे म्हणजे शिक्षण. आपल्या सायकल स्टँडवर महिन्यातून एक शनिवार यासाठी ठेवावा. विज्ञानाच्या प्राध्यापकांनी पोलादाविषयी सांगावे आणि गावातल्या एखाद्या सायकल कारागिराने हात दाखवावा. पाहुण्या व्याख्यात्याला आपण मानधन आणि श्रीफळ देतो, तेच त्यालाही द्यावे.

पहिल्या वर्षी ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला मी ‘धंदा’ एवढेच उत्तर दिले होते. त्याची आज मला शरम वाटते. खंडेनवमीला आमच्या घरी एकाच पाटावर ती पेटी आणि माझी पुस्तके मांडली जातात. आईने दोन्हींवर सारखेच हळदकुंकू वाहिले. तिला जे कळले, ते मला कळायला दोन वर्षे कॉलेजात यावे लागले.