सोडवावे की सोडावे?

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले, की आपल्याकडच्या काही घरांत एक वेगळीच शांतता पसरते. टीव्हीचा आवाज उतरतो, पाहुण्यांना ‘आता डिसेंबरातच या’ असे गोडीत सांगितले जाते आणि आजीची दुपारची भजनेही हलक्या आवाजात होऊ लागतात. नोव्हेंबरअखेरच्या रविवारी घरातल्या मुलाची किंवा मुलीची ‘कॅट’ असते. आयआयएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थापन संस्थांची ही प्रवेशपरीक्षा. १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद येथे अशा दोन संस्था निघाल्या. आज त्यांची संख्या विसाच्या पुढे गेली आहे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये नागपूरला एक आली आणि २०२३ मध्ये पवईच्या ‘निटी’चे रूपांतर आयआयएम मुंबईत झाले. दार जवळ आले, तशी दारापुढची रांगही लांबली. २०२४ मध्ये सव्वातीन लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदवली आणि त्यांतली सुमारे दोन लाख त्र्याण्णव हजार प्रत्यक्ष परीक्षेला बसली.

मी तीसेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवले. निवृत्तीनंतर क्लास काढला नाही. पण ओळखीपाळखीची मुले रविवारी सकाळी येतात, अडलेले विचारतात, चहा घेऊन जातात. त्यांच्यामागून पालकही येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. क्लास कुठला लावावा? रोज किती तास बसावे? नोकरी सोडून अभ्यास करावा का? प्रश्न रास्त आहेत. पण या परीक्षेत ज्यावर सगळे अवलंबून असते, तो प्रश्न आजवर एकाही पालकाने मला विचारलेला नाही. तो असा : ‘याला सोडता येते का?’

आपल्या भाषेत प्रश्न ‘सोडवणे’ आणि प्रश्न ‘सोडणे’ यांत एका अक्षराचे अंतर आहे. शाळेने आणि घराने मिळून आपल्या मुलांना पहिली क्रिया उत्तम शिकवली. दुसरी मात्र पाप म्हणून शिकवली.

या परीक्षेची रचना पाहा. पेपर दोन तासांचा, त्याचे तीन भाग. पहिला इंग्रजी आकलनाचा, दुसरा माहितीचे विश्लेषण आणि तर्काचा, तिसरा गणिताचा. प्रत्येकाला बरोबर चाळीस मिनिटे. एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही, की मागे वळून पाहता येत नाही. २०२४ च्या पेपरात असे एकूण ६८ प्रश्न होते. अचूक उत्तराला तीन गुण मिळतात; पर्याय निवडायच्या प्रश्नात उत्तर चुकले तर एक गुण कापला जातो. आणि गंमत अशी, की अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास पोचलेला विद्यार्थीही ९९ पर्सेंटाइलच्या घरात गेलेला दिसतो. म्हणजे हा पेपर पूर्ण सोडवण्यासाठी काढलेलाच नसतो. त्यातले काय हाती घ्यायचे आणि काय ठेवून द्यायचे, हे तुम्हाला कळते का, एवढेच तो पाहतो.

जरा हिशेब करू. चार पर्यायांतून डोळे मिटून एकावर बोट ठेवले, असे चार वेळा केले, तर सरासरी एकदा बरोबर येईल : अधिक तीन. तीनदा चुकेल : उणे तीन. हाती शून्य, आणि वेळ गेला तो वेगळाच. पण विचार करून चारांतला एक पर्याय जरी खात्रीने बाद करता आला, तर पारडे किंचित आपल्या बाजूला झुकते. ज्यांत पर्याय नसतात आणि उत्तर स्वतः भरायचे असते, अशा प्रश्नांत चुकल्याबद्दल गुण कापले जात नाहीत. एवढे साधे गणित कळूनही परीक्षेच्या खोलीत मुले ते विसरतात, कारण तिथे त्यांच्याशी लढत असते ती लहानपणापासूनची सवय.

ताटात काही टाकायचे नाही, ही आपली शिकवण. ती चांगलीच आहे. पण तीच आपण उत्तरपत्रिकेलाही लावली. ‘एकही प्रश्न सोडू नकोस, येत नसेल तरी काहीतरी लिहून ये,’ असे सांगून आपण मुलांना बोर्डाच्या परीक्षेला पाठवले. तिथे ते खपलेही, कारण तिथे प्रयत्नाचेही गुण पदरात पडतात. इथे तसे नाही. म्हणून दहावी-बारावीला नव्वदीच्या पुढे असलेली मुलेच इथे अधिक गोंधळतात.

माझ्याकडे येणारी एक मुलगी अभियांत्रिकीची हुशार विद्यार्थिनी. सराव परीक्षेतल्या तर्काच्या भागात एका कोड्यावर ती सतरा मिनिटे बसली. कोडे सुटले, पण बाकीचे संच नुसते पाहायचेही राहिले. घरी येऊन चिडून म्हणाली, ‘सर, येत होतं हो मला, मग सोडू कसं?’ मी तिला नवे पुस्तक दिले नाही. एक वही करायला सांगितली. प्रत्येक सराव परीक्षेनंतर तीन रकाने भरायचे : सोडवायला हवे होते आणि सोडवले, सोडायला हवे होते आणि सोडले, आणि तिसरा, सोडायला हवे होते पण धरून बसले. पहिल्या महिन्यात तिसरा रकाना पान भरून वाहत होता. ऑक्टोबरात तो दोन-तीन ओळींवर आला. तिचे गणित सुधारले नव्हते, ते आधीपासूनच चांगले होते. प्रश्नाकडे पाहून दीड-दोन मिनिटांत ‘तुझे नि माझे आज जमायचे नाही’ असे म्हणायला ती शिकली होती. दर आठवड्याला सराव परीक्षा देऊन नुसता गुणांचा आकडा पाहणाऱ्या मुलांना हे शिकायला मिळत नाही. परीक्षा द्यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ ती तपासायला लागला पाहिजे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची भीती वेगळी. त्यांना वाटते, आपण इंग्रजीतच मरणार. मग ती कठीण शब्दांच्या याद्या पाठ करतात. पण २०२४ च्या पेपरात इंग्रजीच्या २४ प्रश्नांपैकी १६ उताऱ्यांवरचे होते. उतारे कधी अर्थशास्त्राचे, कधी इतिहासाचे, कधी तत्त्वज्ञानाचे. तिथे शब्दांच्या याद्या फारशा उपयोगी पडत नाहीत. लेखक काय म्हणतो आहे आणि काय म्हणत नाही, हे शांतपणे कळावे लागते. ज्या मुलाने मराठीत का होईना, एखादा गंभीर लेख शेवटपर्यंत वाचून त्यावर वडिलांशी वाद घातला आहे, त्याची निम्मी तयारी झालेली असते. उरलेल्या निम्म्यासाठी रोज तासभर चांगले इंग्रजी वाचावे. याद्या सोडाव्यात.

आता थोडे घरच्यांविषयी. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आधी समजून घेऊ. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांपैकी साधारण नव्वद जण मागे. शेजारच्या काकूंनी ‘नव्वदच का?’ म्हणून नाक मुरडले, तरी निदान आई-वडिलांनी मुरडू नये. त्याचबरोबर हेही खरे, की २०२४ च्या संख्येने पाहिले तर ९७ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढेही सुमारे आठ हजार आठशे मुले असतात. शिवाय या संस्था मुलाखतीला बोलावताना दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि नोकरीचा अनुभवही आपापल्या पद्धतीने पाहतात. तेव्हा मुलगा राहिला, तर तो आळशीच होता असे होत नाही. रांगच तेवढी लांब होती.

आणि इथे सोडण्याचा मोठा धडा येतो. या परीक्षेला वयाची अट नाही, किती वेळा बसावे याला मर्यादा नाही. हे वरदान आहे आणि सापळाही. पहिला प्रयत्न अनुभवाचा, दुसरा तयारीचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून स्पष्ट बोलायला हवे. नोकरी करत अभ्यास चालू असेल तर हरकत नाही. पण नोकरी सोडून, मित्र तोडून, लग्नकार्ये टाळून खोलीत बसलेला पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा अनेकदा स्वतःसाठी बसलेला नसतो. ‘आयआयएमची तयारी करतोय’ हे वाक्य घराला नातेवाइकांत सांगायला बरे वाटते, म्हणून बसलेला असतो. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे गेली आहे. त्यासाठी कर्ज मिळते. हातातून गेलेली उमेदीची वर्षे मात्र कोणत्याही व्याजदराने परत मिळत नाहीत. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारखी १९६५ पासून नाव राखून असलेली दारे आहेत, राज्याची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आहे, आणि व्यवस्थापनाची पदवी न घेता चार माणसांना रोजगार देणारी माणसे तर आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

यावर कोणी म्हणेल, मास्तर म्हातारपणी पोरांना पळपुटेपणा शिकवू लागले. तसे नाही. न वाचता पान उलटणे हा पळपुटेपणा. वाचून, तोलून, आपला वेळ आणि आपली ताकद ओळखून बाजूला ठेवणे हा निर्णय. उद्या ही मुले कारखाना चालवतील, बँकेत बसतील, तेव्हा कोणते काम हाती घ्यायचे नाही हे ठरवण्याचाच पगार त्यांना मिळणार आहे. परीक्षा घेणाऱ्यांना हे ठाऊक आहे, म्हणून त्यांनी पेपर तसा काढला. हा विषय कुठल्याच क्लासच्या वेळापत्रकात नाही; तो जेवणाच्या ताटावर, रात्रीच्या गप्पांत शिकवावा लागतो. आणि मुलांनी तो शिकावा असे वाटत असेल, तर त्यांच्या निकालाच्या आकड्याला घट्ट धरून बसलेला आपला हात आधी आपण सोडवून घ्यायला हवा.