निवृत्तीनंतरचे गुरुजी

सेवानिवृत्तीनंतर छंदवर्गात दाखल होणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्याच वयात एखाद्या नव्या विषयाचे शिक्षक होणाऱ्यांकडे फारसे लक्ष जात नाही, आणि आमच्या वाचकांपैकी अनेक जण या उंबरठ्यावर असल्याने हा अंक त्यांना वाहिला आहे. निवडलेले उदाहरण ‘झेनटँगल’ या ध्यानात्मक रेखनपद्धतीचे असून, सुलेखनकार मारिया थॉमस आणि रिक रॉबर्ट्स यांनी ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, या शतकाच्या आरंभी विकसित केली. साडेतीन इंची चौरस कागदावर कोपऱ्यांत चार ठिपके देऊन ते पेन्सिलीने जोडले जातात, आत ‘स्ट्रिंग’ नावाची एक सैल रेषा सोडली जाते, आणि तिने पडलेल्या कप्प्यांत काळ्या शाईने ‘टँगल’ म्हणजे पुनरावृत्त आकृतिबंध भरले जातात. खोडरबर वर्ज्य असल्यामुळे वाकडी गेलेली रेषा पुढील आकृतीत सामावून घ्यावी लागते. ठिपक्यांच्या रांगोळीत आकृती बहुधा आधीच ठरलेली असते, येथे ती ठरवायचीच नसते, हा भेद मराठी वाचकांना विशेष जाणवेल.

प्रमाणित शिक्षक होण्यासाठी संस्थापकांच्या संस्थेचे सशुल्क प्रशिक्षण घ्यावे लागते (पद्धतीचे नाव नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे, हेही विसरू नये). तथापि आयुष्यभर हिशेब वा प्रशासन सांभाळलेल्या व्यक्तीला शिकवण्यासाठी लागणारा संथपणा कितपत साधतो, हा प्रश्न आम्हांला प्रमाणपत्रापेक्षा मोलाचा वाटतो. ज्या वाचकांनी निवृत्तीनंतर काही शिकवायला घेतले, त्यांनी आपले अनुभव आणि मतभेद अवश्य कळवावेत.