सक्ती केलीत, तर निभवा

गेम बनवणाऱ्याला एक प्रश्न कायम छळतो: खेळणाऱ्याच्या घरी नेमकं काय आहे? जोडीचं उपकरण वेगळं विकलं की ते थोड्याच घरांत पोचतं. थोड्या घरांसाठी कोणी मोठा गेम करायला धजावत नाही, आणि गेम नाहीत म्हणून उपकरण खपत नाही. हा तिढा सोडवायला ते कन्सोलच्या खोक्यातच घालणं आम्हाला आजही गैर वाटत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन कन्सोलच्या फसगतीचं सगळं खापर या सक्तीवर फोडलं जातं, ते आम्हाला मान्य नाही.

नोव्हेंबर २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन किनेक्टसह, म्हणजे हालचाल आणि आवाज टिपणाऱ्या कॅमेऱ्यासह, ४९९ डॉलरना आला. आठवडाभर आधी आलेला प्लेस्टेशन ४ होता ३९९ ला. त्याचा कॅमेरा हवा त्याने वेगळा घ्यायचा. वरचे शंभर डॉलर कशाचे, याचं उत्तर खेळातूनच मिळायला हवं होतं. यंत्र म्हणून नवा किनेक्ट उत्तमच होता. तो एका वेळी सहा माणसं आणि प्रत्येकाचे पंचवीस सांधे टिपायचा. पण कन्सोलसोबतच आलेला ‘राइज: सन ऑफ रोम’ पाहा. क्रायटेकने तो मुळात किनेक्टचा गेम म्हणून जाहीर केला होता, आणि प्रत्यक्षात आला तो बटणांवर खेळायचा. किनेक्ट उरला सैनिकांना तोंडी हुकूम सोडण्यापुरता. तो हुकूमही बटणाने देता येत होताच.

याउलट २००६ चा निन्टेन्डो वी. बहुतेक देशांत ‘वी स्पोर्ट्स’ खोक्यातच मिळायचा. टेनिसमध्ये रिमोट धरलेला हात फिरवला की पडद्यावर रॅकेट फिरते आणि चेंडू लागल्याचा आवाज येतो तो हातातल्या रिमोटमधल्या छोट्या स्पीकरमधून. ज्याने कधी कंट्रोलर हाती धरला नाही, तोही मिनिटाभरात खेळायला लागतो. हालचाल टिपणारं उपकरण तिथेही सक्तीचंच होतं, पण ते काढून घेतलं तर खेळच उरत नव्हता.

मायक्रोसॉफ्टने पुढे केलं ते आम्हाला जास्त खटकतं. जून २०१४ मध्ये, म्हणजे सात महिनेही झाले नव्हते तेव्हा, किनेक्टविना ३९९ डॉलरचा कन्सोल बाजारात आला. किनेक्टसाठी राखलेली ग्राफिक्स चिपची ताकदही गेम स्टुडिओंना मोकळी झाली. बटणांचे गेम करणाऱ्यांना हायसं वाटलं असेल. पण ज्यांनी सक्तीवर विसंबून वर्षं घातली, त्यांचं काय? हार्मोनिक्सचा ‘फँटेशिया: म्युझिक इव्हॉल्व्ड’ हातवाऱ्यांनी संगीत घडवण्याचा गेम. जाहीर झाला तेव्हा किनेक्ट प्रत्येक खोक्यात असणार होता, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तो आला तेव्हा ती हमी उरली नव्हती. भारतात तर एक्सबॉक्स वन आला सप्टेंबर २०१४ मध्ये, तेव्हा इथल्या गिऱ्हाइकाला किनेक्ट वगळायची सोय पहिल्या दिवसापासून होती. २०१६ च्या एक्सबॉक्स वन एसवर किनेक्टचा पोर्टही नव्हता, आणि २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादनच थांबलं.

म्हणून नवं उपकरण घेऊन कोणी तुमच्या दारी आलं, तर डेमो पाहून हुरळून जाऊ नका. ते किती वर्षं प्रत्येक खोक्यात राहील, हे करारात लिहून मागा. त्याच्याविना खेळताच येणार नाही असा त्यांचा स्वतःचा गेम पहिल्या दिवशी आहे का, हेही विचारा. तो नसेल, तर तुमचा गेम बटणांवरही उभा राहील असाच आखा.