योजना दोन राज्यांच्या, सोरायसिसचा रुग्ण मात्र बाहेरच

सीमाभागातल्या आरोग्याचा विषय निघाला की चर्चा ८६५ गावांपाशी येऊन थांबते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने हरकत घेतली आणि वाद पेटला. पण सोरायसिसच्या रुग्णाच्या बाजूने बघितलं, तर या वादात कोणीही जिंको, त्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

कारण साधं आहे. फुले योजना असो की 'आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक', दोन्हींचा भर दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. सोरायसिसचा रुग्ण सहसा दाखल होत नाही. त्याला वर्षानुवर्षे ओपीडी, रक्ततपासणी आणि औषधं लागतात. म्हणजे पाच लाखांचं कवच कार्डावर आणि मलमाचा खर्च खिशातून!

मग आधार उरतो सरकारी दवाखान्याचा. तिथेही घोडं अडतं ते तज्ज्ञापर्यंत पोहोचण्यात. सुरुवातीला हा आजार नायट्यासारखा दिसतो. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणलं जातं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ मध्येच झाला, तरी ती सर्रास मिळतात. पुढे स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन. चार दिवस बरं वाटतं. औषध बंद केलं की आजार उसळतो. कधी कधी अख्खं अंग लाल होऊन रुग्णाला दाखल करायची वेळ येते. योजनेचं कार्ड बाहेर निघतं ते तेव्हा. वेळेवर मिळालेल्या एका चिठ्ठीने हे टळू शकलं असतं.

ती चिठ्ठी कधी मागायची? रुग्णाचा स्वतःचा तळहात म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. चट्टे दहा तळहातांपेक्षा जास्त पसरले, चेहरा, नखं, तळवे किंवा गुप्तांगावर आले, किंवा मलमाने फरक पडेना, तर थांबू नका. सकाळी उठल्यावर बोटं किंवा गुडघे आखडत असतील, तर त्याच आठवड्यात जा. सोरायसिस सांध्यांतही शिरतो आणि उशीर झाला तर सांधे कायमचे वाकडे होतात.

तज्ज्ञांकडे उपाय आहेत, आणि सगळेच महाग नाहीत. मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. म्हणून देखरेख हवी. प्रकाश उपचारासाठी तर आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं. मजुरी बुडवून ते किती जणांना जमेल?

इथेच अंतराचा आणि सीमेचा प्रश्न येतो. खानापूरच्या रुग्णाला बेळगावचं 'बिम्स' सोयीचं, पण निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूरचं सीपीआर जवळ. चोर्ला घाट उतरून बांबोळीला गेलं, तर गोमेकॉत २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना शुल्क आहे. रुग्ण जवळचा दवाखाना बघतो. सरकार आधी पत्ता बघतं.

सीमावादाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर दोन्ही सरकारांना तीन गोष्टी करता येतील. तालुका रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांचा ठरलेला वार ठेवावा. ते जमत नसेल तिथे ई-संजीवनीवरून सल्ला मिळवून द्यावा. एका राज्यातील चिठ्ठी आणि तपासण्या दुसऱ्या राज्यातील सरकारी रुग्णालयाने ग्राह्य धराव्यात. आणि दीर्घ आजारांची ओपीडीतील औषधं योजनेत घ्यावीत.

सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही, हे गावाला सांगायला हवंच. पण रुग्णाला आधी एवढंच सांगा : मेडिकलच्या काउंटरवरून नवी ट्यूब आणण्यापेक्षा डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा. ती मागणं हा तुमचा हक्क आहे.