सोयाबीनचा वास आणि आपला आळस

मंडळी, कोड लिहून पोट भरणारा माणूस तेलबियांवर कशाला बोलतोय, असं वाटेल. पण विषय आपल्या विदर्भाचा आहे, म्हणून राहवत नाही.

कच्चं सोयाबीन भिजवून वाटलं की हिरवट, उग्र वास येतो ना? तो दाण्यात भरून ठेवलेला नसतो, वाटताना तयार होतो. दाण्यातलं लायपॉक्सिजनेज हे एन्झाइम फॅटी ॲसिडला हवेतला ऑक्सिजन चिकटवतं, मग त्याचे तुकडे पडतात आणि त्यातलं हेक्झानल नाकात जातं. म्हणून सोयादूध करणारे उष्णता देऊन हे एन्झाइम आधी मारतात.

आता गंमत बघा. हेच एन्झाइम जवसाच्या तेलावर वापरता येतं. त्या तेलात साधारण निम्मं लिनोलेनिक ॲसिड असतं. लायपेजने ते सुटं करायचं, सोयाबीनच्या एन्झाइमने त्यावर ऑक्सिजन बसवायचा, मग पेरूतलं एक एन्झाइम १८ कार्बनची साखळी ६ आणि १२ अशी तोडतं. सहाच्या तुकड्यापासून यीस्टच्या मदतीने हेक्झेनॉल मिळतं, म्हणजे ताज्या कापलेल्या गवताचा वास! अत्तरं आणि खाद्यपदार्थांचे स्वाद बनवणारे त्याला पैसे मोजतात. कारखान्यात रसायनांपासूनही ते बनतं, पण असं बनवलेलं 'नैसर्गिक' म्हणून महाग विकलं जातं.

म्हणजे आपण जो वास मारतो, त्याच्याच भावंडाला बाजारात किंमत आहे.

याने सोयाबीनचा भाव मात्र वाढणार नाही, हे आधीच सांगतो. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्याही खाली विक्री झाली. सुगंधाला माल लागतो मोजका. तेव्हा शेतकऱ्याला कोणी सोन्याची स्वप्नं दाखवू नयेत.

माझं म्हणणं एवढंच, की हे कौशल्य इथे हवं. १९४२ साली सुरू झालेली, तेल तंत्रज्ञान शिकवणारी लक्ष्मीनारायण संस्था नागपुरातच आहे. २०२३ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. अडचणी आहेतच. पेरूचं एन्झाइम काम करता करता स्वतःच निकामी होतं. पण अशीच अडचण पोरांना प्रोजेक्ट म्हणून द्यायला हवी ना? सोबत एखादी शेतकरी कंपनी आणि छोटा पायलट प्लांट असला की झालं.

नाहीतर बिया ट्रकने जातील, पोरं पुण्याच्या गाडीने. काऊन बा? तुम्हीच सांगा.