दम्याचा रुग्ण हाडवैद्याकडे का जातो?

खांदा निखळला, कंबर धरली म्हणून माणूस हाडवैद्याकडे जातो, हे समजू शकते. पण दमा, रक्तदाब, निद्रानाश घेऊन मान-पाठ 'मोकळी' करायला जातो, त्याचे काय? छत्रपती संभाजीनगरात कोर्टकामानिमित्त भेटणाऱ्या कष्टकऱ्यांकडून अशा हकिकती मी ऐकत असतो. त्यांना अडाणी म्हणून हिणवणे सोपे आहे. पण ते खरे उत्तर नव्हे.

अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशातही हेच घडले. मणके बसवण्याची कायरोप्रॅक्टिक पद्धत तिथे १८९५ साली सुरू झाली, तीच बहिरेपणाच्या उपचारातून. हार्वे लिलार्ड या कृष्णवर्णीय सफाई कामगाराचा मणका दाबल्यावर त्याला ऐकू येऊ लागले, असा डी. डी. पामर याचा दावा होता. अशा उपचाराने पाठदुखीत काहींना आराम पडतो. दमा, रक्तदाब बरा होतो याला मात्र भक्कम पुरावा नाही. उलट मानेला हिसका बसून रक्तवाहिनी फाटल्याची, पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत.

तरी माणसे जातात. कारण तिथे कोणीतरी समोर बसवून विचारपूस करतो, दुखऱ्या अंगाला हात लावतो. घाटी रुग्णालयावर अनेक जिल्ह्यांचा भार. तिथे एका रुग्णाच्या वाट्याला किती मिनिटे येणार? रांगेत दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

स्पर्शाची किंमत आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे. १९२९ साली ती 'यंग इंडिया'त छापून आली होती. त्याच्या बाळंतीण पत्नीला सवर्ण डॉक्टरने हात लावला नाही. थर्मामीटरही एका मुसलमानाच्या हातून दिले. न्यूमोनिया झालेली ती माउली दगावली. ज्यांना दवाखान्याने दूर ठेवले, त्यांना आपुलकीने लागलेला हात हेच औषध वाटले तर नवल काय?

पण आपुलकीने दमा जात नाही. नोंदणीशिवाय वैद्यकी करण्यास महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने बंदी आहे. ती जरूर अमलात आणा. मात्र फक्त भोंदूला पकडून शासनाची सुटका नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे राज्यघटनेचे कलम ४७ सांगते. कामगार घरी परततो त्या वेळी वस्तीतला दवाखाना उघडा हवा, तिथे औषध हवे आणि रुग्णाचे ऐकून घेणारा डॉक्टर हवा. बांधवांनो, श्वास कोंडत असेल तर मणका नव्हे, छाती तपासून घ्या. आणि ती तपासणी वस्तीतच मिळावी, यासाठी संघटित व्हा.